घाण्यावरच्या काकूंना

काकू, साष्टांग नमस्कार.

माझ्या एम. फार्म.च्या प्रबंधात आभाराच्या पानावर तुमचं नाव आहे. पण ते पान इंग्रजीत, आणि प्रबंध आता कॉलेजच्या लायब्ररीत कपाटात जाऊन बसलाय. म्हणून हे पत्र मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहिते. "माझं नाव-बिव मोबाईलवर नको" असं तुम्ही म्हणाला होतात, ते पाळलंय. सांगलीतल्या तुमच्या गिऱ्हाइकांना तसंही कळेलच.

बारावीत माझा चेहरा मुरमांनी भरला होता. कुणीतरी सांगितलं म्हणून एक क्रीम आणलं. पंधरा दिवस चेहरा तुकतुकीत झाला आणि लावायचं बंद केल्यावर आधीपेक्षा जास्त फोड आले. त्यात स्टेरॉइड होतं, हे मला फार्मसीला गेल्यावर समजलं. मुरमं येणाऱ्या त्वचेसाठी वनस्पतीतेलाचा मास्क हा विषय मी घेतला तो त्या चेहऱ्यापायी.

"मुरमांवर तेल? आणि वाढतील की गं!" हे तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात. तेव्हा मी घाईत काहीतरी उत्तर दिलं होतं, आज नीट देते. मुरमं येणाऱ्यांच्या त्वचेच्या तेलात लिनोलेइक आम्ल (तेलातलाच एक घटक) कमी असल्याचं आढळलेलं आहे. शेंगतेलात, करंजाच्या तेलात ओलेइक आम्ल हा दुसरा घटक जास्त असतो, आणि तो अशा त्वचेला मानवत नाही. आपल्याकडच्या करडईच्या तेलात मात्र लिनोलेइक आम्ल ७० टक्क्यांच्या वर जातं. म्हणून मला करडईच हवी होती, तीही कधी गाळली, कुठल्या बियांची, हे माहीत असलेली. पाकिटातलं रिफाइंड तेल यातलं काहीच सांगत नाही.

मी मागत होते अर्धा लिटर, आणि घाण्याला एका वेळी दहा-बारा किलो बी लागतं. आधी दोन ठिकाणी मला परत पाठवलं होतं. तुम्ही थोडा वेळ गप्प बसलात आणि म्हणालात, "सकाळी सहाला ये. शेंगा लावायच्या आधी."

शेंगदाण्याचं मी सहज बोलून गेले होते. घाण्याच्या कच्च्या तेलात त्याची प्रथिनं राहू शकतात आणि काहींना ती बाधतात, एवढंच. सकाळी आले तर तुम्ही घाणा घासून, पुसून कोरडा केलेला. करडईची पहिली घाणी तुम्ही घरच्या फोडणीला बाजूला काढलीत आणि दुसरीतलं तेल निवळायला ठेवलंत. "पहिल्यात शेंगाचा अंश येतोच," म्हणालात. आमच्या पाठ्यपुस्तकात याला उपकरणांची स्वच्छता म्हणतात आणि त्यावर एक अख्खं प्रकरण आहे. बाटलीला तुम्ही कॅलेंडरच्या कागदाची चिठ्ठी बांधली होती, त्यावर घाणीची तारीख आणि बी आणलेल्या गावाचं नाव. पुढच्या प्रत्येक बाटलीला ती चिठ्ठी होती. त्या सगळ्या मी प्रबंधाच्या वहीत चिकटवल्यात.

मग कुंकवाची गोष्ट. सांगलीत राहून चेहऱ्याचा लेप करायचा आणि हळद नाही, हे कुणालाच पटेना. २०१८ मध्ये आपल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं, मार्केट यार्डात सौदे चालू, हरिपूरच्या पेवांच्या, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या. मलाही मोह झाला. बेंटोनाइट मातीत हळदीचा अर्क घालून मी पहिला लेप केला आणि हौसेनं तुम्हाला दाखवायला आणला. पिवळा लेप विटकरी लाल झाला होता. मला वाटलं, मुरवल्यामुळे रंग चढला असेल. तुम्ही डबी उघडली आणि म्हणालात, "अगं, हे कुंकू केलंस की! चुना घातलास का काय?"

चुना घातला नव्हता. पण बेंटोनाइट पाण्यात भिजलं की क्षारधर्मी असतं, आणि हळद क्षारात लाल होते. घरोघरी हळदीचं कुंकू करत ते याच गुणावर. पीएच, म्हणजे आम्ल-क्षार किती ते सांगणारा आकडा, मी शेवटी मोजू म्हणून ठेवला होता. त्याच दुपारी मोजला तर ९ च्या वर! त्वचेचा असतो साधारण ५ च्या आसपास. तो लेप मी तसाच कुणाच्या मुरमांवर लावायला दिला असता तर त्वचा कोरडी पडून आग झाली असती. बेंटोनाइट कमी केलं, केओलिन ही पांढरी माती वाढवली, सायट्रिक आम्ल घालून पीएच ५.५ वर आणला. हळद शेवटी वगळलीच, कारण ती चेहऱ्यावर डाग ठेवते आणि उजेडात विटते.

सगळ्यात मोठं ऋण तुमच्या नाकाचं आहे. लिनोलेइक आम्ल जास्त असलेलं तेल लवकर खवट होतं, म्हणून मी त्यात ई जीवनसत्त्व घातलं होतं आणि तेल किती बिघडलंय ते कळायला दर पंधरा दिवसांनी पेरॉक्साइड मूल्य काढत होते. तुमच्याकडे नुसते आकडे घातलेल्या शिश्या आणायचे, तुम्ही वास घेऊन चांगल्या-वाईट वेगळ्या करायचात. एकदा तुम्ही तीन शिश्या बाजूला काढल्यात. दोन माझ्या चाचणीतही खराब निघाल्या, तिसरीचा आकडा मात्र छान होता. मला वाटलं, तुमचा अंदाज चुकला. तुम्ही ठाम: "ही सगळ्यात खवट."

ती खिडकीजवळ उन्हात राहिलेली शिशी होती. आमच्या सरांनी तिचं ॲनिसिडिन मूल्य (अल्डिहाइडं मोजणारी चाचणी) काढायला लावलं, ते चढलेलं निघालं. तेल बिघडताना आधी पेरॉक्साइडं वाढतात, मग ती मोडून अल्डिहाइडं होतात, आणि खवट वास त्या अल्डिहाइडांचा. म्हणजे तेल इतकं बिघडलं होतं की पेरॉक्साइडं मोडून गेली होती आणि माझी चाचणी त्याला चांगलं ठरवत होती. तेव्हापासून मी दोन्ही मूल्यं काढली. तोंडी परीक्षेत मला सगळ्यात जास्त प्रश्न यावरच आले, आणि उत्तरं देताना मी तुमच्या घाण्यासमोरच उभी होते.

बाकीच्या चाचण्यांचं थोडक्यात सांगते. पेट्रीडिशमध्ये मुरमांच्या जिवाणूंवर मास्कमधल्या कडुलिंबाच्या तेलाचा परिणाम दिसला, पण मुरमांवरच्या क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाच्या मानानं फारच थोडा, आणि मी तो तसाच लिहिला. संशोधनाच्या नैतिकता समितीच्या परवानगीनं मैत्रिणींच्या हातावर ४८ तासांची पॅच टेस्ट केली, म्हणजे थोडा मास्क लावून त्वचेला त्रास होतो का ते पाहिलं. एकीला लाली आली, म्हणून कडुलिंबाचं तेल कमी करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मास्क त्वचेला सोसतो, इतपत मी म्हणू शकते. मुरमं जातात का, हे त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरून पाहिल्याशिवाय म्हणता येणार नाही.

तुमच्या नातीच्या गालावर तेव्हा खूप मुरमं होती. ती डबी मागत होती, मला नाही म्हणवत नव्हतं. तुम्हीच तिला म्हणालात, "तिची तपासणी होऊ दे. तवर डॉक्टरला दाखवू." काकू, त्या दिवशी मी घरी जाऊन रडले. बारावीत मला असं म्हणणारं कुणी हवं होतं.

नवी करडई आली की निरोप द्या. रिकाम्या बाटल्या धुऊन, वाळवून ठेवल्यात. सहाला येते, शेंगा लावायच्या आधी.

तुमची,
अर्ध्या लिटरवाली