कॅमेऱ्यांवर नजर कोणाची?

पोलिस ठाण्यांतील सीसीटीव्हीविषयीचा अग्रलेख वाचला. त्यातील कॅमेरे वाढवण्याची मागणी रास्त, पण अपुरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात नुसते कॅमेरे बसवायला सांगितले नव्हते. त्यांवरील देखरेखीसाठी जिल्हा समित्याही नेमायला सांगितल्या होत्या. त्यांत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलिस अधीक्षक यांच्याबरोबर महापौर किंवा जिल्हा परिषद अध्यक्षांनाही स्थान आहे. म्हणजे खात्याबाहेरचा, लोकांनी निवडलेला माणूस. (निवडणुका रखडल्या की ही खुर्चीही रिकामीच, हा भाग वेगळा!) कोणी तक्रार केली नसली, तरी चित्रण पाहून मानवी हक्कांचे उल्लंघन झाले का, हे शोधण्याचे काम या समितीकडे आहे. कोठडीत मार खाल्लेला माणूस त्याच ठाण्यातल्या ठाणे अंमलदारासमोर तक्रार द्यायला सहसा धजावत नाही, म्हणून ही तरतूद मोलाची. खोट्या आरोपात अडकलेल्या पोलिसालाही तेच चित्रण सोडवेल. तेव्हा समितीने किती ठाण्यांचे चित्रण पाहिले आणि किती कॅमेरे बंद आढळले, याची माहिती दरमहा प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी फलकावर लावावी.

– एक वाचक