गटिंगच्या पावतीवर पाउंडांपलीकडचेही लिहावे

महोदय,

बॅडमिंटनची रॅकेट गटिंगला, म्हणजे जाळीचे धागे नव्याने ताणून बसवायला, दिली की ठाण्यातील दुकानांत, निदान मी पायऱ्या झिजवलेल्या दुकानांत तरी, 'किती पाउंड?', म्हणजे धाग्यांना ताण किती, एवढा एकच प्रश्न विचारला जातो. धागा एका तुकड्यात ओवायचा की दोन, आडव्या धाग्यांची सुरुवात कुठून करायची आणि त्यांना उभ्यांपेक्षा किती जास्त ताण द्यायचा, हे ग्राहकाला कोणी विचारत नाही आणि त्यालाही विचारायचे सुचत नाही. धागे ओवण्याचा हा पॅटर्न म्हणजे केवळ कारागिराची सवय नव्हे. रॅकेटचे आयुष्य बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते, हे मला थोडे नुकसान सोसल्यावर कळले.

माझी मुलगी 14 वर्षांची असून पहाटेच्या सरावाला जाते. स्टेशनजवळच्या एका दुकानातून 26 पाउंडांचे गटिंग करून आणल्यावर महिन्याभरात तिचे फटके भरकटू लागले, तेव्हा मी ती रॅकेट तिच्या त्याच मॉडेलच्या दुसऱ्या रॅकेटवर ठेवून पाहिली. पहिलीचे डोके जवळजवळ 4 मिलिमीटरने जास्त रुंद आणि तेवढेच आखूड झालेले दिसले. दुकानदाराने अर्थातच रॅकेटलाच दोष दिला.

नेहमीच्या रॅकेटमध्ये 22 उभे धागे असतात. ते प्रत्येकी 24 पाउंडांनी ओढले तरी कागदावरच्या हिशेबाने 528 पाउंडांचा, म्हणजे सुमारे 240 किलोंचा ताण जेमतेम 85 ग्रॅमच्या फ्रेमवर लांबीच्या दिशेने येतो, आणि ती आखूड व रुंद होऊ पाहते. मशीनचे आधार तिला तात्पुरते धरून ठेवतात. पुढे तिला मूळ आकारात ठेवण्याचे काम आडव्या धाग्यांचे असते, म्हणून त्यांना साधारण 2 पाउंड जास्त देण्याचा प्रघात आहे. एकाच तुकड्यात ओवले तर गाठी दोनच येतात, काम लवकर उरकते आणि धागाही थोडा वाचतो. मात्र उभे धागे जिथे संपतात तिथूनच आडवे सुरू करावे लागतात. दोन तुकड्यांत गाठी चार होतात, पण सुरुवातीची जागा आपल्या हातात राहते आणि हवे तर आडव्यांना वेगळा धागाही वापरता येतो. योनेक्स कंपनीच्या एअरोबाइट या धाग्यांच्या संचात उभा धागा 0.67 आणि आडवा 0.61 मिलिमीटर जाडीचा असतो. तो एका तुकड्यात बसवणे शक्यच नाही. आडवे वरून खाली न्यावेत की खालून वर, यावर गटिंग करणाऱ्यांत दोन पंथ आहेत. माझे मत विचाराल तर ज्या कंपनीची रॅकेट तिचाच गटिंगचा तक्ता पाळावा.

पुढे वर्तकनगरमध्ये घरच्या गॅलरीत मशीन मांडून काम करणाऱ्या एका तरुणाकडे गेलो. त्याने जुने गटिंग उजेडात धरले आणि आडवा धागा सलग दोन उभ्यांच्या वरून गेलेली जागा नखाने दाखवली. धागे आळीपाळीने वर-खाली ओवलेले किंवा जिथे एकमेकांना छेदतात तिथे जोडलेले असावेत आणि मधला भाग इतर भागांपेक्षा विरळ नसावा, असे खेळाचे नियमच सांगतात. एका भोकातून दोन धागे गेले होते तिथे टोच्याने खरवडल्याची पांढरी रेघही होती. 'काका, पाउंड सगळे विचारतात, गाठी किती ते कोणी विचारत नाही,' असे तो म्हणाला. मग त्याने मलाही सुनावले, आणि ते योग्यच होते. मधला धागा तुटल्यावर उरलेले लगेच, मध्यापासून बाहेरच्या बाजूला, उभे-आडवे बरोबरीने कापून टाकायला हवे होते. मी तर आठवडाभर ती रॅकेट तशीच पिशवीत ठेवली होती. तेव्हा वाकडेपणाचे सगळे खापर दुकानावर फोडणे मलाही पटत नाही.

तरीही शहरातील क्रीडासाहित्य विक्रेत्यांना विनंती करावीशी वाटते की, गटिंगच्या पावतीवर धाग्याचे नाव, उभ्या-आडव्यांचे वेगवेगळे पाउंड, तुकडे किती आणि तारीख एवढे तरी लिहावे. रॅकेटवर छापलेली पाउंडांची कमाल मर्यादा ग्राहकाला आधीच दाखवावी, कारण मोठ्या खेळाडूंचे आकडे ऐकून मुले 28-30 मागतात आणि दुकानदार मुकाट्याने ओढून देतात. यात खर्च तो किती? वर्तकनगरच्या त्या तरुणाने मुलीच्या दुसऱ्या रॅकेटच्या दांडीवर बोटभर कागदी चिकटपट्टी लावून दिली आहे. तिच्यावर पेनाने लिहिले आहे: 24/26, दोन तुकडे, चार गाठी, आणि खाली तारीख.

आपला,
एक पालक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)