थायलंडला हरवलं आणि बातमी कोपऱ्यात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शनिवारी ५ जुलै २०२५ ला चिआंग माईत भारताच्या महिला फुटबॉल टीमनं थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ नं हरवलं आणि मार्च २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या एशियन कपला क्वालिफाय झाली. क्वालिफायर खेळून तिथं जायची आपली ही पहिलीच वेळ. रविवारी सकाळी आपला पेपर उघडला तर पहिल्या पानावर पंढरपूर, ते असणारच, आषाढीच्या दिवशी विठ्ठलाशी जागेसाठी कोण भांडणार. त्याच्या शेजारी वरळीच्या स्टेजवर दोन्ही ठाकरे बंधू, ती पण मोठी बातमी, मान्य. मग क्रीडा पान काढलं तर तिथं शुभमन गिल, पहिल्या डावात २६९ आणि दुसऱ्यात १६१, आता एवढे मारल्यावर फोटो मोठा लागणारच की. पण सगळ्यात खाली, जाहिरातीला चिकटून, स्कोअर आणि गोल करणारीचं नाव, बास. तिचं नाव पण चुकलं होतं.

तरी पण हे पत्र त्या कोपऱ्यासाठी नाही लिहिलेलं. फुटबॉलवाल्यांना कोपऱ्याची सवय आहे. पत्र लिहायचं कारण म्हणजे नंतर रविवार पुरवणीत आलेला अर्ध्या पानाचा लेख. वाटलं चला, उशिरा का होईना दखल घेतली. वाचायला घेतला तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गरिबी, पत्र्याचं घर, शेजाऱ्यांचे टोमणे, आईचे अश्रू. हे खोटं आहे असं माझं म्हणणं नाही, बऱ्याच पोरींच्या घरी परिस्थिती बेताचीच आहे. पण पूर्ण लेखात एकदाही कळत नाही की मॅच जिंकली कशी! गिलवर लिहिताना तुम्ही त्याचं फूटवर्क लिहिता, कुठल्या बॉलरला कुठं मारलं ते लिहिता. मग दोन्ही गोल करणाऱ्या संगीता बासफोरवर लिहिताना फक्त डोळे पुसायचे का?

आता बघा, त्या लेखात काय लिहिता आलं असतं. क्वालिफायरच्या चार मॅच होत्या. मंगोलियाला १३-०, त्यात एकट्या प्यारी शाशाचे पाच गोल. मग तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-०. कुणी म्हणेल हे सगळे लिंबूटिंबू, ठीक आहे, म्हणू दे. पण गंमत अशी झाली की आपले तीन मॅचमध्ये २२ गोल आणि खाल्ला एकही नाही, आणि थायलंडचं पण अगदी तसंच, २२-०. म्हणजे पॉइंट सारखे, गोल फरक सारखा, आणि ग्रुपमधून जाणार फक्त एकच टीम. शेवटची मॅच या दोघींची एकमेकींशी, बरोबरी झाली तर थेट पेनल्टी शूटआऊट. असली मॅच दुसऱ्या कुठल्या खेळात असती तर आदल्या दिवशी पानभर गणितं छापून आली असती, कोण कसं जाऊ शकतं, काय झालं तर काय होईल. आमच्या वाट्याला साधी मॅचची वेळ पण आली नाही.

आणि थायलंड म्हणजे सोपी टीम नव्हे. २०१५ आणि २०१९ असे दोन वर्ल्ड कप खेळलेली टीम आहे ती. रँकिंगमध्ये तेव्हा त्या ४६ आणि आपण ७०. जुनं सांगायचं तर १९८३ च्या एशियन चॅम्पियनशिपच्या (म्हणजे आताचा एशियन कपच) फायनलला आपण याच थायलंडकडून हरलो होतो, हो, भारताच्या बायका तेव्हा फायनल खेळायच्या, त्याच्या आधी १९७९ ला पण उपविजेत्या होत्या, हे किती जणांना माहितीय? मग मधली कित्येक वर्षं सगळं बसतच गेलं, २००३ नंतर तर स्पर्धेत जायचंच बंद झालं.

मॅचचं बोलायचं तर २९ व्या मिनिटाला संगीतानं लांबूनच मारला. ती मिडफिल्डर आहे, गोल करणं हे काय तिचं रोजचं काम नाही. हाफ टाइमनंतर लगेच थायलंडनं बरोबरी केली, स्पर्धेत आपण खाल्लेला पहिला गोल. आणि इथंच खरी स्टोरी आहे असं माझं मत. बाहेरच्या मैदानावर, लोक ओरडतायत, समोरची टीम वरचढ, तेव्हा आपल्या टीमा मागं जातात, बॉल नुसता बाहेर फेकत बसतात आणि ऐंशीव्या मिनिटानंतर गोल खातात, हे आपण पुरुषांच्या टीमचं इतक्यांदा बघितलंय की सवयच झालीय. या पोरी मागं गेल्या नाहीत. ७४ व्या मिनिटाला परत संगीताच, यावेळी डोक्यानं. त्यानंतरचा वेळ थायलंडनं जोर लावला पण आपल्या बॅकनी आणि गोलकीपर पंथोई चानूनं दुसरा गोल होऊ दिला नाही.

कोच होते क्रिस्पिन छेत्री. ओडिशा एफसीला २०२३-२४ ची इंडियन विमेन्स लीग जिंकून देणारा माणूस. स्पर्धेआधी बंगळुरूत मोठा कॅम्प झाला, तिथंच उझबेकिस्तानशी दोन मॅच खेळवल्या. म्हणजे टीमला एकत्र राहायला वेळ मिळाला, बरोबरीच्या टीमशी खेळायला मिळालं, आणि रिझल्ट आला. पण हे छापायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की पोरी झोपडीतून उठल्या आणि थेट थायलंडला जाऊन जिंकून आल्या. जिद्द असते हो सगळ्यांकडंच, मॅच प्रॅक्टिस सगळ्यांकडं नसते.

आता तुलना करायची नाही म्हटलं तरी होतेच. त्याच्या आधी महिनाभरात, १० जूनला, पुरुषांची टीम हाँगकाँगकडून १-० नं हरली, इंज्युरी टाइमच्या पेनल्टीवर. त्या पराभवाची बातमी आपल्याच पेपरात या विजयापेक्षा मोठी होती, मी दोन्ही अंक समोर ठेवून हे लिहितोय. नंतर त्या टीमचे कोच मार्केझ यांनी पद सोडलं त्याची पण बातमी मोठी. हरणाऱ्यांना तीन कॉलम आणि जिंकणाऱ्यांना कोपरा, हा कुठला हिशोब?

महाराष्ट्राचा तर या विषयाशी जवळचा संबंध आहे. २०२२ चा एशियन कप आपल्याच राज्यात झाला होता, नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्यात बालेवाडीला. यजमान म्हणून आपल्याला थेट एन्ट्री होती. इराणशी ०-० झालं आणि पुढच्या मॅचच्या दिवशी, २३ जानेवारीला, कॅम्पमध्ये १२ जणी कोरोना पॉझिटिव्ह. टीमच उभी करता आली नाही. डी. वाय. पाटील स्टेडियमवर चायनीज तैपेईशी (म्हणजे तैवानशी) मॅच होती, ती रद्द झाली आणि आपण आपल्याच घरच्या स्पर्धेतून बाहेर. त्या वेळच्या काही जणी या टीममध्ये पण आहेत, मनीषा कल्याण आहे. तिनं तिमोर-लेस्तेला दोन गोल मारले आणि इराकला एक. लेखात रडायचंच होतं तर निदान या गोष्टीवर रडायचं ना!

आणि आता जरा आपल्या घरातलं बोलूया. २०२४-२५ च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये आठ टीम होत्या, ईस्ट बंगाल जिंकली. त्या आठात महाराष्ट्राची एकही नाही. गोव्याची पण नाही. आठ टीम म्हणजे एका टीमला सीझनला १४ मॅच, त्यात खेळाडू काय आणि किती घडणार. आमच्या कोल्हापुरात पीटीएम विरुद्ध दिलबहार अशी इथल्या दोन तालमींची मॅच असली की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते, वर्ल्ड कप आला की पेठेपेठेत मेस्सी-नेमारचे कटआऊट लागतात, तालीम मंडळं खेळाडूंवर पैसा खर्च करतात. त्याच मंडळांनी ठरवलं तर मुलींची एकेक टीम उभी करणं काय अवघड आहे? ग्राऊंड आहे, रेफ्री आहेत, बघणारी माणसं तर भरपूर आहेत. पण पेपरात मुलींच्या मॅचबद्दल काही येतच नाही, मग मंडळाच्या अध्यक्षाला तरी कुठनं सुचणार. (काही मंडळी म्हणतील की मुलींच्या मॅचला कोण येतंय. एकदा शाहूवर रविवारी दुपारी लावून तर बघा.)

भारतीय फुटबॉल फेडरेशननं टीमला ५० हजार डॉलर जाहीर केले, म्हणजे साधारण ४३ लाख रुपये. अख्खी टीम आणि स्टाफ धरला तर माणशी किती येतात ते वाचकांनीच काढावं. क्रिकेटची रक्कम मी इथं लिहीत नाही, उगाच बीपी वाढतो.

शेवटी दोनच विनंत्या. एक म्हणजे २९ जुलैला सिडनीत एशियन कपचा ड्रॉ, म्हणजे ग्रुप ठरवायची सोडत आहे, त्याची बातमी द्या, ग्रुपमध्ये कोण आलंय ते नीट छापा, आणि सोबत हे पण सांगा की १२ टीमच्या या स्पर्धेत क्वार्टर फायनल गाठली तरी २०२७ च्या ब्राझील वर्ल्ड कपची आशा जिवंत राहते, कारण क्वार्टर फायनलला हरणाऱ्यांना पण प्ले-ऑफ आहे. हे बहुतेक लोकांना माहितीच नाही. दुसरं म्हणजे मार्चमध्ये मॅचच्या दिवशी भारतीय वेळ आणि चॅनेल ठळक छापा, आणि शक्य झालं तर ज्याला फुटबॉल कळतं अशा माणसाला लिहायला सांगा. आणि हो, गोल करणारीचं नाव संगीता बासफोर असं आहे, तेवढी दुरुस्ती उद्याच्या अंकात आली तर बरं होईल.

आपला,
एक वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर