चोपड्या गेल्या की दुकानाचा इतिहास जातो

मा. संपादक,
स. न.

जीन्सवर लेख आला की लेव्ही स्ट्रॉसने खाणकामगारांसाठी तंबूच्या कापडाची पँट शिवली, हे वाक्य त्यात हमखास असते. ते खरे नाही. स्ट्रॉस शिंपी नव्हता, घाऊक कापड व्यापारी होता. जर्मनीच्या बव्हेरियातल्या बुटेनहाइम गावचे हे ज्यू कुटुंब. वडील वारल्यावर आई, दोन बहिणी आणि विशीच्या आतला लेव्ही न्यूयॉर्कला गेले. थोरल्या भावांचे तिथे आधीच दुकान होते. 1853 मध्ये लेव्ही सॅन फ्रान्सिस्कोला पोचला आणि भावांकडून येणारा माल तिकडच्या दुकानदारांना पुरवू लागला.

रिव्हेटची, म्हणजे जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यांत ठोकलेल्या धातूच्या टिकल्यांची, कल्पना अमेरिकेतल्याच रीनो गावच्या जेकब डेव्हिसची. तो शिंपी, रिगाकडून आलेला ज्यू, स्ट्रॉसच्या पेढीचे गिऱ्हाईक. खिसा फाटतो तो तोंडाच्या कोपऱ्यात, कारण सगळा ताण शेवटच्या टाक्यावर येतो. तो तुटला की पुढचे उसवत जातात. घोड्याच्या झुलीचे पट्टे बसवायला डेव्हिस तांब्याचे रिव्हेट वापरायचा, तेच त्याने या कोपऱ्यांत ठोकले. पेटंटसाठी पैसे हवेत म्हणून त्याने पेढीला पत्र लिहिले आणि 20 मे 1873 रोजी 139121 क्रमांकाचे पेटंट मिळाले. पुढे मागच्या खिशाचे रिव्हेट खुर्च्या आणि खोगिरे ओरबाडू लागले, तेव्हा 1937 मध्ये ते कापडाखाली झाकले गेले.

मग तंबूची दंतकथा इतकी फोफावली कशी? 18 एप्रिल 1906 च्या भूकंपानंतरच्या आगीत पेढीची इमारत आणि जवळजवळ सगळे दप्तर जळाले. खोडून काढायला कागदच उरला नाही. डेव्हिसची हकीकत कळते ती 1874 च्या पेटंट खटल्यातली त्याची साक्ष सरकारी दप्तरात राहिली म्हणून.

सांगलीतल्या दुकानांच्या हिशेबाच्या चोपड्यांना हा धोका पुराचा आहे. 2019 मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले. धोक्याची पातळी 45 फूट आहे. पुराची बातमी आली की कापडाचे गठ्ठे माळ्यावर चढतात, जुन्या चोपड्या मात्र खालच्या कपाटात राहतात. त्या आधी वर न्याव्यात.

तरीही भिजल्याच, तर बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. उन्हात टाकू नयेत, पाने वेडीवाकडी होऊन एकमेकांना चिकटतात. चोपडी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवली की बुरशी थांबते आणि सवड मिळते. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये इतकी थंडी नसते. तिथे बुरशी फक्त मंदावते. नंतर एकेक चोपडी बाहेर काढावी, पाने सुटू लागली की दर दहा पानांमागे टीपकागद घालावा आणि तो ओला होताच बदलावा. जास्त कागद कोंबला तर शिवण फाटते. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. पंखा खोलीत फिरता असावा, पानांवर रोखलेला नसावा. खारव्याच्या (जाड सुती कापडाच्या) लाल बांधणीचा रंग सुटतो, म्हणून पुठ्ठा आणि पहिले पान यांमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घालावा. शाईच्या पेनाने लिहिलेली पाने चिखल काढायलाही धुऊ नयेत, अक्षरे जातात. लॅमिनेशन आणि सेलोटेप तर कधीच नको. त्यांचा गोंद पुढे कागद पिवळा करतो.

कोरड्या चोपड्यांचे पानोपान मोबाइलवर फोटो काढून एक प्रत पूररेषेबाहेर, दुसऱ्या गावी ठेवावी. जूनपूर्वी ही माहिती आपल्या पूरविषयक पानावर द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, गावभाग, सांगली