'अपडेट' नव्हे, रिकॉल म्हणा

महोदय,

गेल्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला टाकली. संध्याकाळी आणायला गेलो, तर जॉबकार्डवर ऑइल, फिल्टर, अलाइनमेंटच्या खाली एक ओळ जास्तीची. कुठल्याशा पार्टचा नंबर आणि पुढे 'एफओसी', म्हणजे फुकट. विचारलं, तर सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "काही नाही काका, कंपनीचं अपडेट आहे. पैसे नाही लावले." ते मलाही दिसत होतं. आधीच्या पार्टला काय झालं होतं, ते मात्र त्याला सांगता येईना.

तेव्हा आठवली फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया, अमेरिकी पोलिसांची ती लांबलचक गाडी. तिची पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे, डिकीला लागून उभी असे. हायवेच्या कडेला पोलीस कुणाला तरी अडवून उभे असायचे आणि मागून भरधाव गाडी येऊन आदळायची. टाकी पुढे रेटली जाऊन ॲक्सलजवळच्या बोल्ट-ब्रॅकेटवर फाटायची, नाहीतर डिकीतलं सामान तिच्यात घुसायचं. ॲरिझोनात अशा आगींत पोलीस जळून मेले. २००१ मध्ये तिथल्याच फिनिक्सला पोलिसांच्या अशा गाडीला एका टॅक्सीने मागून ठोकलं, पोलीस गाडीतला अधिकारी वाचला, पण भाजून चेहरा गेला.

कंपनीचं म्हणणं, गाडी कायद्याच्या चाचणीत पास आहे. होतीच. पण ती चाचणी मागून ताशी ३० मैलांच्या, म्हणजे ४८ किलोमीटरच्या धडकेची. हायवेवर या वेगाने कोण येतं? अमेरिकेच्या सरकारी वाहतूक सुरक्षा खात्यानेही २००२ मध्ये 'दोष आढळला नाही' म्हणून चौकशी मिटवली. त्याच सुमारास फोर्डने पोलिसांच्या गाड्यांना टाकी वाचवणारी प्लास्टिकची शील्ड फुकट देऊ केली. (याच कंपनीने १९७८ मध्ये टाकीच्याच भानगडीत पिंटो ही छोटी गाडी आणि तिची जुळी बॉबकॅट मिळून १५ लाख गाड्या परत बोलावल्या, तेव्हाही इलाज प्लास्टिकच्या शील्डचाच होता.)

पण कागदोपत्री हा रिकॉल, म्हणजे दोष मान्य करून गाड्या परत बोलावणं नव्हतं, 'अपग्रेड' होतं. आणि ते पोलिसांसाठी. तशीच टाकी असलेली घरगुती क्राउन व्हिक्टोरिया चालवणाऱ्याला ते नव्हतं. पोलिसांच्या जुन्या गाड्या पुढे लिलावात निघाल्या, कितीतरी टॅक्सी झाल्या. खाली शील्ड आहे की नाही, हे तिसऱ्या मालकाला कोण सांगणार?

आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम आहेत. गाडी ७ वर्षांच्या आतली हवी, आणि तक्रारी किती आल्या ते विकलेल्या गाड्यांच्या हिशेबात पाहतात. वायपर अडकणाऱ्या गाडीला हे ठीक. लाखात एखादी पेटणारी टाकी या हिशेबात कधी बसायची? आणि त्या गाडीत बसलेला माणूस सरकारी पोर्टलवर तक्रार करायला येणार कुठून?

म्हणून आपल्याला विनंती, रिकॉलच्या बातमीत कंपनीचं पत्रक जसंच्या तसं उतरवू नका. कोणता पार्ट, त्याने काय होऊ शकतं, कोणत्या महिन्यात बनलेल्या गाड्या, एवढं तरी छापा. आणि काम झालं की नाही याची नोंद आरटीओच्या रेकॉर्डला गाडीच्या नंबराखाली दिसावी, म्हणजे सेकंडहँड घेणाऱ्याला कळेल. हा पाठपुरावा आपणच करू शकता.

जॉबकार्डची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तो पार्ट कशाचा, हे आपल्या वार्ताहराला कळलं तर मलाही कळवावं.

आपला,
एक वाहनमालक, नाशिक