हैदराबाद तुम्हाला दाखवायचंय

लातूर

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

काल हैदराबादहून परत आलो. फोनवर निवांत बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्ही दोघांनी ते शहर बघायचंच आहे, आणि न्यायला मी येणार आहे.

बाबा, निजामाच्या राज्यात आजोबांची शाळा उर्दूतली, शेताचे जुने कागद उर्दूतले, मोठं काम निघालं की धाव हैदराबादला. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तुम्ही आम्हाला झेंडावंदनाला न्यायचात. ज्या शहराच्या गोष्टी ऐकत वाढलात, ते तुम्ही अजून पाहिलेलं नाही. तिथं बेगमपेटला मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थांची समाधी आहे. तिथं हात जोडताना वाटलं, इथं माझ्याआधी बाबांनी यायला हवं होतं.

चारमिनार १५९१ सालचा. जिना अरुंद आणि उभ्या चढाचा आहे, त्याच्या नादी लागायचं नाही. खालून बघितलं तरी डोळे भरतात, त्यातही संध्याकाळी दिवे लागल्यावर. शेजारीच लाड बाजार. आई, तिथं लाख तापवून बांगड्या वळतात आणि लाख मऊ असतानाच त्यात खडे बसवतात. तुझ्या मापाच्या, सव्वादोनच्या घेतल्या आहेत. हिरव्याच.

गोवळकोंड्याच्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत. पण खाली दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की पार वर माथ्यावर ऐकू जाते. तुम्ही खाली टाळी वाजवा, पोरं वर पळतील. सालारजंग संग्रहालयाला मात्र अख्खा दिवस ठेवू. तिथल्या घड्याळातून तासाला एक छोटा दाढीवाला माणूस बाहेर येतो आणि टोले देऊन आत जातो. ते बघायला माणसं आधीपासून जागा धरून बसतात.

आता खाण्याचं. आई, ‘तिथं आम्ही माळकरी काय खाणार’ हे तू म्हणणारच, म्हणून मी मुद्दाम बघून आले. ह्यांनी आणि पोरांनी बिर्याणी खाल्ली. मी बगारा बैंगन मागवलं. शेंगदाणे, तीळ, खोबरं भाजून वाटलेलं, वर चिंचेचा कोळ. आपल्या भरल्या वांग्याची सख्खी मावसबहीणच! फक्त चिंच जरा जास्त. शिवाय संध्याकाळी रस्त्याकडेला बायका ज्वारीच्या भाकरी थापत बसलेल्या असतात. जोन्न रोट्टे म्हणतात तिकडं. तव्यावरून थेट पानात. बाबांचं पोट भाकरीशिवाय भरत नाही, ती काळजी मिटली. खुबानी का मीठा म्हणजे सुके जर्दाळू शिजवून केलेलं गोड. दात नसले तरी खाता येतं. इराणी चहाचं पाणी झाकून तासन्‌तास मुरवतात आणि आटवलेलं दूध वेगळं ठेवून ऐन वेळी घालतात. सोबत उस्मानिया बिस्कीट, गोडसर-खारट. बाबा, तुम्ही दोन कप घेणार. साखरेचं मी बघते, त्या दिवशी गोड एकच.

गाडी उदगीरवरूनच जाते. बिदर, विकाराबाद करत थेट पोचवते. तुम्ही उदगीरला चढा, आम्ही लातूर रोडहून त्याच डब्यात असू. ज्वारीची रास झाली की निघू. फक्त शुक्रवार टाळू, सालारजंग बंद असतं.

बाबा, ‘आता या वयात कशाला’ असं लिहू नका. कोणता आठवडा चालेल तेवढं कळवा, म्हणजे खालचे बर्थ धरते.

तुमची,
ताई