वाचता येईल असा मजकूर द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सादर नमस्कार.

तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत मी गेली १८ वर्षं मराठी शिकवतो आहे. माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला जन्मापासून दिसत नाही. चौथीपर्यंत ती अंधशाळेच्या वसतिगृहात राहून शिकली. पुढे आईवडिलांना लेक घरी हवी होती, म्हणून पाचवीपासून आमच्याकडे आली. वर्गात पहिल्या बाकावर बसते. एका कानात इअरफोन, दुसरा कान माझ्याकडे. फोनचा पडदा बोलून वाचून दाखवणारा टॉकबॅक ती ज्या वेगानं ऐकते, त्या वेगानं मला एक शब्दही कळत नाही.

दिवाळीआधी आम्हा शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर सराव प्रश्नपत्रिकांची पीडीएफ आली. मी ती तिलाही पाठवली. मधल्या सुट्टीत ती फोन घेऊन आली. म्हणाली, "सर, हे मराठीत आहे ना? हा काहीतरी भलतंच वाचतोय." मी फोन कानाला लावला. सुटी इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, मध्येच टक्क्याचं चिन्ह. पडद्यावर मात्र स्वच्छ, सुबक मराठी दिसत होतं.

साहेब, हे पत्र त्या पीडीएफबद्दल आहे.

झालेलं असतं ते असं. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची जुळणी करण्याच्या, जुन्या फॉन्टमध्ये दिसायला ‘क’ दिसतो, पण त्यामागे संगणकानं साठवलेलं अक्षर रोमन लिपीतलं असतं. कागदावर छापताना त्यानं काही बिघडत नाही. ऐकून वाचणाऱ्या मुलीला मात्र मागचंच अक्षर ऐकू येतं. काही फायली तर नुसत्या स्कॅन केलेल्या असतात, म्हणजे पानाचा फोटोच. तिथे फोन सरळ गप्प बसतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे. आपण रोज फोनवर मराठी लिहितो ते त्यातच. तरीही मुलांपर्यंत येणारा कितीतरी मजकूर अजून जुन्या फॉन्टमध्ये जुळवला जातो आणि पीडीएफ करून पुढे ढकलला जातो. तो जुळवणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसतं. असं ऐकून वाचणारं कुणी असतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि नुकसान एकट्या माझ्या विद्यार्थिनीचं नाही. मूळ मजकूर युनिकोडमध्ये, साध्या फाइलमध्ये किंवा ईपब या डिजिटल पुस्तकाच्या स्वरूपात मिळाला, तर त्याच एका मजकुरातून आवाज निघतो, संगणकावर त्याचं भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीचं ब्रेल, करता येतं आणि अंधूक दिसणाऱ्या मुलासाठी अक्षरं हवी तेवढी मोठी होतात. वाचनाची अडचण असलेला, अक्षरं उलटसुलट होणारा जो मुलगा प्रत्येक वर्गात असतो, तो ऐकता ऐकता ओळीवरून बोट फिरवू शकतो. ब्रेलचं पुस्तक तयार होऊन खेड्यात पोहोचेपर्यंत सत्र निम्मं संपलेलं असतं. मजकुराची फाइल त्याच दिवशी पोहोचू शकते.

यासाठी फार पैसेही लागत नाहीत. एनव्हीडीए हे संगणकाचा पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात मराठी आवाज आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणानं ते २००६ मध्ये सुरू केलं. टॉकबॅक तर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतो. वाचणारं यंत्र आमच्या हातात आलं आहे, त्याला वाचायला मजकूर हवा आहे.

कायदाही आपल्याच बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम १७ सांगतं की ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत पुस्तकं, इतर अध्ययन साहित्य आणि योग्य ती साधनं मोफत मिळाली पाहिजेत. त्यातल्या ‘इतर अध्ययन साहित्य’ या तीन शब्दांवर माझं बोट आहे. स्वाध्यायपुस्तिका, सराव प्रश्नपत्रिका, व्हॉट्सॲपवर येणारी कृतिपत्रिका हे सगळं त्यात येतं. पुस्तक अशा स्वरूपात आणण्यातली कॉपीराइटची अडचणही त्या कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं दूर केली आहे. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येण्याचे, निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं.

आता कलमातल्या ‘साधनां’बद्दल. आमच्याच शाळेत सहावीत कमी ऐकू येणारा एक मुलगा आहे. त्याला शिबिरात श्रवणयंत्र मिळालं, फोटो निघाला, सगळ्यांना आनंद झाला. दिवसभर वापरलं की यंत्राचा सेल आठ-पंधरा दिवसांत संपतो. मूल वाढतं तसा कानही वाढतो, मोल्ड, म्हणजे यंत्राचा कानात बसणारा साचा, सैल होतो आणि यंत्र शिटी मारू लागतं. वर्गातली मुलं वळून बघतात. त्यानं यंत्र डबीत ठेवून दिलं. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. त्यातून सेल आणि मोल्ड नियमित मिळतील, अशी सोय शाळेच्या पातळीवर व्हायला हवी. वाटपानंतर सहा महिन्यांनी यंत्र कानात आहे की डबीत, एवढं तरी कुणी येऊन पाहावं.

परीक्षेबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण मी मराठीचा शिक्षक आहे. माझी विद्यार्थिनी संगणकावर मराठी टाइप करते. ऱ्हस्व-दीर्घ क्वचितच चुकते. पण परीक्षेत तिला लेखनिक घ्यावा लागतो आणि तो खालच्या इयत्तेतला असतो. सहामाहीचा निबंध तिनं सांगितला होता सुंदर. आजीच्या हातांवर होता. लेखनिक मुलीनं लिहिलेल्या उत्तरपत्रिकेत मात्र पानभर शुद्धलेखनाच्या चुका. गुण कापताना माझाच हात अडला. ती म्हणाली, "सर, मला येतं. तिला येत नाही, त्याला ती तरी काय करणार?" लेखी परीक्षांबाबत केंद्र सरकारनं २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये संगणकावर परीक्षा देण्याचा पर्याय दिलेला होता. तो पर्याय घटक चाचणीपासून दहावीच्या बोर्डापर्यंत आपल्या राज्यात सरसकट खुला करावा. पाचवीपासून संगणकावर लिहिणारं मूल बोर्डात एकदम दुसऱ्याच्या हातानं का लिहील?

आपल्याकडे माझं मागणं थोडं आहे. शिक्षण विभागातून, मग तो मंत्रालयातून असो की तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून, विद्यार्थ्यांसाठी निघणारा प्रत्येक कागद पीडीएफसोबत युनिकोड मजकुराच्या स्वरूपातही त्याच दिवशी यावा. ‘चित्र पाहा आणि पाच वाक्ये लिहा’ असा प्रश्न असेल, तर चित्रात काय आहे ते दोन ओळींत लिहिलेलं असावं. छपाईच्या कंत्राटात ही अट घातली तर निम्मं काम तिथेच होईल. आणि दिव्यांग विद्यार्थ्याचा फोन हे त्याचं वाचनाचं साधन आहे, त्याला मोबाइलबंदी लागू नाही, असं स्पष्ट परिपत्रक निघावं. दर वर्षी नवे शिक्षक आले की माझ्या विद्यार्थिनीला इअरफोनचा खुलासा नव्यानं करावा लागतो.

ती दिवाळीआधीची प्रश्नपत्रिका मी रात्री बसून पुन्हा टाइप केली. अडीच तास लागले. सकाळी तिला पाठवली आणि प्रार्थनेच्या आधीच तिचा निरोप आला : "सर, तिसऱ्या प्रश्नात एक ओळ दोनदा आली आहे." विज्ञानाची आणि गणिताची प्रश्नपत्रिका मात्र टाइप करायची राहूनच गेली. त्या तिच्या धाकट्या भावानं तिला वाचून दाखवल्या. तो पाचवीत आहे.

आपला,
आठवीचा एक वर्गशिक्षक